हाली, कलदार आणि आजोबांची खर्चाची वही

स्मरणिका समितीकडून निरोप आला, "तू लिहीच, पण कम्प्युटरवर नको." म्हणून हा लेख एका खर्चाच्या वहीवर आहे. आपल्या १९९६ च्या तुकडीला इतिहासाचा तास किती आवडायचा हे सरांना चांगलं ठाऊक आहे, तेव्हा मी इतिहासावर लिहिते आहे हे वाचून सर हसतील. हसू देत.

सुरुवात जरा लांबून करते. २०१५ साली कामानिमित्त काही महिने मी अमेरिकेत, न्यू जर्सीला होते. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा साठावा वाढदिवस होता. कोणीतरी त्याला घडीचं भेटकार्ड दिलं. वर मोठ्या आकड्यांत १९५५, आणि आत त्या वर्षीचे भाव, सिनेमे, गाणी, बातम्या. पत्राचं तिकीट ३ सेंट, तासाची किमान मजुरी ७५ सेंट, कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. अशी कार्डं तिकडे दुकानात सालवार लावलेली मिळतात. सगळे ते हातोहात फिरवत होते आणि काय स्वस्ताई होती म्हणून हळहळत होते. मला वाटलं, आपल्या गावाचं असं कार्ड केलं तर?

आपल्या वर्गाच्या ग्रुपवरही तसे भाव येतच असतात. "१९५० ला सोनं शंभर रुपये तोळा होतं!" त्याखाली पंचवीस जणांचे उसासे. मीही त्यात असायचे. मग आजोबांच्या वह्या हाती आल्या आणि कळलं, की आपल्या औरंगाबादचं कार्ड छापणं इतकं सोपं नाही. कारण त्या काळात इथे कोणी "एक रुपया" म्हटलं, की समोरचा विचारायचा, "कोणता?"

कोणता रुपया, कोणता शेर

धावणी मोहल्ल्यातलं आमचं जुनं घर रिकामं करताना पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या निघाल्या. १९४४ ते १९६३ पर्यंतचा घरखर्च. आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. सुरुवातीची पानं मोडीत, मधे मधे उर्दू, पुढे सगळं बाळबोध. मोडी पानं आपल्याच शाळेतल्या एका निवृत्त सरांनी वाचून दिली. उर्दू पानं आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या अब्बांनी वाचली. दोघांचे आभार इथेच मानते, कारण त्यांच्याशिवाय मला माझ्याच घरचा किराणा वाचता येत नव्हता.

पहिल्या वहीत रकमांपुढे कुठे 'हा' तर कुठे 'क' असं लिहिलेलं होतं. एका ठिकाणी 'पुणे मनीऑर्डर ६ क' असं दिसलं. मला वाटलं, 'क' म्हणजे काकासाठी केलेला खर्च. आत्याला विचारलं तर ती हसायलाच लागली. "अगं, तुझा काका तेव्हा दोन वर्षांचा. त्याच्या नावाने पुण्याला कोण पैसे धाडील? क म्हणजे कलदार."

निझामाच्या हैदराबाद संस्थानचं स्वतःचं चलन होतं, उस्मानिया सिक्का. त्यावर चारमिनारचं चित्र. १९१८ पासून संस्थानच्या नोटाही निघत. लोक या रुपयाला हाली म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजोबांचा १९४६ चा पगार ५६ हाली होता, म्हणजे ४८ कलदार. गुलमंडीवर भाजी घ्यायची ती हालीत, पुण्याच्या नातेवाइकांना पैसे पाठवायचे ते कलदारात. टपालाचंही तसंच. संस्थानची तिकिटं वेगळी आणि ती संस्थानातच चालत. बाहेर पत्र टाकायचं तर ब्रिटिशांच्या पोस्टात जावं लागे. १९५० साली भारताचा रुपया इथे आला, पुढच्या वर्षी हाली काढणं बंद झालं, पण हाली चलनातून कायमचा बाद झाला तो १९५९ मध्ये. म्हणजे काही वर्षं लोकांच्या खिशात दोन्ही रुपये खुळखुळत होते.

तारखांचा प्रकार आणखी मजेचा. पगार फसली महिन्याने होई, म्हणून पगाराच्या नोंदीपुढे 'बहमन', 'मेहेर', 'आबान' अशी नावं. सणावाराचा खर्च तिथीने लिहिलेला. मनीऑर्डर इंग्रजी तारखेने. फसली साल इसवी सनाहून ५९०-५९१ वर्षांनी मागे असतं आणि ते ऑक्टोबरात बदलतं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली. दोन देशांच्या तारखा जुळवताना आमच्या अख्ख्या टीमची रात्रीची झोप उडते. आजोबांनी तीन कालगणना आणि दोन चलनं एका दौतीच्या बळावर सांभाळली, आणि महिनाअखेरचा ताळा कुठेही चुकलेला नाही.

मापंही वेगळी. धान्य मापाने: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. साखर, तूप तोलून, तिथे शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅम. किलो सरकारने आणला १९५८ पासून, पण वहीत शेर १९६२ पर्यंत हटून बसला आहे.

आता भाव. १९५२ सालच्या एका महिन्याचं पान समोर ठेवून लिहिते. ज्वारी पायलीला १ रुपया २ आणे, साखर शेराला १३ आणे, दूध शेराला ७ आणे, स्टेशन ते गुलमंडी टांगा ८ आणे, हॉटेलातला चहा १ आणा. वाचून उसासा टाकू नका, थांबा. त्या वर्षी आजोबांचा पगार ८६ रुपये होता आणि घरात खाणारी तोंडं सात: आजोबा, आजी, पणजी, काका, आत्या, तीन वर्षांचे माझे बाबा आणि शिकायला येऊन राहिलेला आजोबांचा भाचा. महिन्याला १८ पायल्या ज्वारी लागे. तिचेच झाले २० रुपये ४ आणे. पगाराचा जवळपास चौथा हिस्सा नुसत्या भाकरीच्या पिठाला! आणि ते शंभर रुपये तोळ्याचं सोनं? आजोबांचा अख्खा पगार सराफाकडे नेऊन दिला असता तरी तोळाभर आलं नसतं. त्या अमेरिकन कार्डातली खरी उपयोगी ओळ भावाची नव्हतीच, मजुरीची होती. तासाभराच्या किमान मजुरीत पंचवीस तिकिटं येत, हे कळलं की तिकिटाचा भाव कळतो.

करमणूक

करमणुकीचा खर्च वहीत फार कमी आहे, कारण बरीचशी करमणूक फुकट होती. सुपारी हनुमानाजवळचं कीर्तन, गणपतीतले मेळे, कधी कोणाच्या हवेलीतला मुशायरा. औरंगाबाद हे उर्दूचं मोठं घर होतं. मौलवी अब्दुल हक इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार बरीच वर्षं इथून चाले. आजोबांना शेरोशायरी कळायची. घरात तुकाराम आणि ओट्यावर गालिब, असं आत्या सांगते.

पैसे खर्च होत ते दोन ठिकाणी. नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा: 'रहाटपाळणा, रेवड्या, मातीची चूल.' आणि सिनेमा. '५ माणसे, १ रु. ९ आणे.' माणशी पाच आणे, म्हणजे सगळ्यात पुढची जागा. आत्याला त्यातला 'श्यामची आई' आठवतो. १९५३ चा सिनेमा, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. थिएटरात सगळ्या बायका रडत होत्या आणि पणजी मोठ्याने पडद्यावरच्या श्यामला दटावत होती. मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची बातमीपट्टी दाखवत. धरणं, परदेशी पाहुणे, पूर, क्रिकेट. नेहरूंना चालताना-बोलताना आत्याने पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

बातमी

बातमी मात्र महाग होती. पैशाने कमी, जोखमीने जास्त.

निझामी अमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू. मराठी पत्रांवर सरकारची करडी नजर. आ. कृ. वाघमारे यांनी तिशीच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादेतून 'मराठवाडा' हे पत्र सुरू केलं. बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे. पुढे ते औरंगाबादला आलं आणि अनंत भालेरावांच्या हाताखाली दैनिक झालं, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी ठाऊक असेल. १९३८ साली इथल्याच इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला, ते लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं आणि काढून टाकलेल्या कितीतरी मुलांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं. गाण्याची किंमत अशीही मोजावी लागे. मुंबईची वर्तमानपत्रं मनमाडला उतरून छोट्या रुळांच्या गाडीने इथे येत, ती शिळी होऊनच.

आजोबांची वर्गणी दोन ठिकाणी होती. एक बलवंत वाचनालय. दुसरी नोंद दर महिन्याला येते: 'उर्दू अखबार, निम्मे, १ रु. हा.' निम्मे म्हणजे अर्धे पैसे शेजाऱ्यांचे. ते आजोबांबरोबरच कचेरीत होते. कचेरी सुटल्यावर दोघं ओट्यावर बसत, शेजारी अखबार मोठ्याने वाचत आणि आजोबा आजीसाठी मराठीत सांगत.

१९४८ चा उन्हाळा आला तसा भावांचा रंग बदलतो. संस्थानची नाकेबंदी झाली होती. रॉकेल, औषधं, मीठ, सगळ्यांची टंचाई. मिठाचा भाव चार महिन्यांत तिप्पट झालेला वहीत दिसतो. मग आबान १३५७ फसली, म्हणजे सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १४ ला औरंगाबाद शरण आलं, १७ ला निझामाने शरणागती जाहीर केली. आपण शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला रांगेत उभे राहायचो ते याच दिवसासाठी. वहीत त्या पाच दिवसांत एकही नोंद नाही. आजोबांनी दिवसाचा खर्च न लिहिल्याची एवढीच जागा.

पुढच्या महिन्यात अखबाराची नोंद येते: '२ रु. हा.' 'निम्मे' हा शब्द नाही. त्यानंतरही कधी नाही.

रझाकारांच्या जुलमाने त्याआधी खेड्यापाड्यांतली हिंदू कुटुंबं घरदार सोडून पळाली होती. पोलीस अॅक्शननंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपण शाळेत असताना त्यातली पहिलीच शिकलो. आमचे शेजारी बायकामुलांना घेऊन हैदराबादला नातेवाइकांकडे गेले. त्यांचं एक पत्र आलं, मग नाही. मैत्रिणीचे अब्बा ही पानं वाचत होते. "निम्मे" गेलं तिथे ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं पान उलटलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रेडिओ आणि फी

आता ज्या पानासाठी हा लेख लिहायला घेतला त्या पानाकडे येते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आणा गेला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून एका आण्याचे सहा पैसे, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस असा सरकारी तक्ता होता. आजोबांनी तो पानाच्या कडेला उतरवून घेतला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'भाजीवाली आण्याचे ७ मागते.' माझ्या धंद्यात याला राउंडिंगचा घोळ म्हणतात.

त्याच पानावर शेवटची नोंद आहे, 'मुलीची फी, २ रु. ५० न. पै.' आत्या तेव्हा सातवीत होती. जूनच्या पानावर काकाच्या नववीची फी आहे, ५ रुपये. आत्याच्या आठवीची नाही. जुलैत नाही. ऑगस्टमध्ये नाही.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवड्यात, नोंद आहे: 'मर्फी रेडिओ, २६५ रु. रोख ६५, बाकी दरमहा २० प्रमाणे १० हप्ते.' आजोबांचा पगार तेव्हा ११२ रुपये होता.

मी हिशेब केला. न करून कशी राहणार? महिना ५ रुपये फी धरली तर २६५ रुपयांत ५३ महिने. आत्या मॅट्रिक झाली असती आणि वर पुस्तकांना पैसे उरले असते. मला आजोबांचा फार राग आला. ज्या माणसाच्या काटेकोरपणाचं मी चार दिवस कौतुक करत होते, त्याने मुलीचं शिक्षण विकून पेटी घेतली, असंच मी मनाशी ठरवून टाकलं. वही घेऊन आत्याकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. पान तिच्यासमोर ठेवलं आणि हिशेब सांगितला.

तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "गणित बरोबर आहे गं तुझं. पण फी कारण नव्हतीच. त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. तुझा बाप आठ वर्षांचा, आजी आंधळी झालेली. सात माणसांच्या भाकरी कोण थापणार? बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. कोणी बाई ठेवायची म्हटली तर तिला महिन्याला पंधरा-वीस तरी द्यावे लागले असते. मी फुकट होते."

मी विचारलं, "आणि रेडिओ?"

"तो बाबांनी माझ्यासाठीच आणला. तसं बोलले नाहीत कधी. पण ठेवला कुठे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत."

त्याच महिन्यात, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू झाली होती. त्याआधी पाच वर्षं आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ मज्जाव होता, म्हणून लोक सिलोन लावत. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. रेडिओला दरसालचा परवाना लागे, तो पोस्टातून नवा करून घ्यायचा. आपल्या गावात निझामाच्या काळातही रेडिओ केंद्र होतं. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं आणि पुढे बंद पडलं. आपण लहानपणी ऐकलेलं केंद्र फार नंतरचं.

आत्या भाकरी थापता थापता सगळं ऐकायची. बातम्या, नभोनाट्यं, क्रिकेट, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रमसुद्धा. मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन करायला ऑगस्ट १९५८ मध्ये नेहरू आले होते. ते तिने आधी रेडिओवर ऐकलं आणि मग आजोबांनी तिला गर्दीत नेऊन लांबून दाखवलं. वहीत नोंद आहे: 'टांगा, मुलगी व मी, १ रु.' विद्यापीठ गावात आलं त्या दिवशी आत्या चौदा वर्षांची होती आणि शाळा सोडून तिला वर्ष उलटून गेलं होतं.

"म्हणजे तुला वाईट वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटलं ना. अजून वाटतं. रेडिओ चांगला होता, पण रेडिओला प्रश्न विचारता येत नाही."

त्या दिवसापासून मी वह्या वेगळ्या नजरेने वाचते. ज्याचे पैसे दिले ते वहीत आहे: मीठ, टांगा, अखबार, हप्ते. सात माणसांच्या भाकरी रोज दोन वेळा थापल्या गेल्या, त्याची नोंद नाही, कारण त्याला दाम पडला नाही. शेजाऱ्यांबरोबरचं ओट्यावरचं वाचन वहीत आहे ते फक्त 'निम्मे' या शब्दापुरतं. आजोबा काटेकोर होते, त्यांनी काही लपवलं नाही. घरखर्चाच्या वहीत जेवढं लिहिण्याची रीत होती तेवढं लिहिलं. जुन्या भावांची यादी ग्रुपवर आली, की मी आता उसासा टाकत नाही. दोन गोष्टी विचारते. तेव्हा पगार किती होता? आणि घरात फुकट राबत कोण होतं?

मी सातवीत असताना आत्या दर रविवारी आमच्याकडे यायची आणि माझं प्रगतिपुस्तक मागून घेऊन चष्म्याजवळ धरून वाचायची. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला बाहेरगावी पाठवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा बाबांना ती एवढंच म्हणाली होती, "भाकरी मी थापते, तिला जाऊ दे." मला तेव्हा ते वाक्य गमतीचं वाटलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत अशा वह्या असतील. किराण्याच्या, भिशीच्या, उधारीच्या, बियाण्याच्या. रद्दीत घालू नका. निदान पानांचे फोटो काढा. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं आपल्यात अजून आहेत आणि ती फार काळ असणार नाहीत. संमेलनाच्या दिवशी आपल्या जुन्या दहावी अ च्या वर्गात एक टेबल मांडू, ज्याने त्याने आपली वही आणावी. फोटोंची जुळवाजुळव आणि हाली-कलदार, फसली-इसवी करून देणारा छोटा प्रोग्रॅम माझ्याकडे तयार आहे. समितीने कम्प्युटरवर लिहू नको म्हटलं होतं, म्हणून त्याबद्दल इथेच थांबते.

मी अकराही वह्या घेऊन येणार आहे. आत्यालाही आणते आहे. तिने एकच अट घातली आहे: तिला व्यासपीठाजवळच्या खुर्चीवर नाही, वर्गात बाकावर बसायचं आहे.